कागदाचा हौद आणि आयुष्याची दोरी

(गांवच्या चावडीपुढें भरलेल्या सभेंतील भाषण)



ऊस संपला, गुऱ्हाळें थंडावलीं आणि मुकादमांच्या फेऱ्या आपल्या आळींत सुरू झाल्या. कोणी वापीकडे, कोणी बल्लारपुराकडे, कोणी जवळच्याच एखाद्या लहान गिरणींत कागदाच्या कामास पोरें घेऊन जाणार. उचल हातावर पडली कीं पोर निघालें. तें किती रोजावर जाणार हें आपण चार वेळां विचारतों; तेथें त्याला कोठें उतरविणार हें एकदांही विचारीत नाहीं. तें विचारण्याची संवय लागावी, एवढ्याचसाठीं आज आम्ही येथें उभे आहों. आम्ही कोणाच्या कामाच्या आड येत नाहीं. पोट आहे तेव्हां कामास जाणें प्राप्तच आहे. परंतु काम करून धडधाकट घरीं परत येणें हेंही तितकेंच प्राप्त आहे.

कागदाशीं आपला संबंध आजचा नाहीं. सातबारा कागदावर, खरेदीखत कागदावर, सावकाराचा रोखाही कागदावर. त्या कागदावर काय लिहिलें आहे हें वाचतां न आल्यामुळें आपल्या वाडवडिलांचें काय झालें, हें जोतीरावांनीं कळकळीनें सांगून ठेवलें आहे. आज आपलीं मुलें कागद वाचूं लागलीं. पण तो कागद होतो कसा आणि तो करतांना कोणाचा जीव जातो, हें आपण अजून वाचलेलें नाहीं.

पूर्वीं हा कारागिराचा धंदा होता. जुन्नरचे आणि दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचे कागदी चिंध्या कुटून लगदा करीत आणि साच्यावर एकेक ताव हातानें उचलीत. हौद उघडा, त्याच्या कांठीं बसून काम. कष्ट पुष्कळ होते, पण तो हौद माणसास गिळीत नसे. पुढें यंत्र आलें. पुण्यास १८८५ सालीं डेक्कन पेपर मिल ही कंपनी स्थापन झाली, तशा इतरही निघाल्या, आणि हातकागदाचा धंदा मागें पडला. यंत्रास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. कागद स्वस्त झाला म्हणूनच आपल्या पोरांच्या हातीं वही आली. पण यंत्राबरोबर हौदही वाढला. आतां तो दोन-तीन पुरुष खोल, वरून झांकलेला, एक माणूस कसाबसा शिरेल एवढ्या तोंडाचा झाला. याच हौदाविषयीं आज मुख्यतः बोलावयाचें आहे.

लगदा म्हणजे काय? लांकूड, बांबू, उसाचें चिपाड किंवा जुनी रद्दी पाण्यांत शिजवून अगर घुसळून केलेली पेज. घरची पेज दोन दिवस झांकून ठेवली तर काय होतें हें प्रत्येक बाईस ठाऊक आहे. ती आंबते, तिला फेंस येतो, घाण सुटते. लगद्याचें तसेंच आहे. गिरणी चालू असतांना तो पंख्यानें सारखा ढवळला जातो, पुढें सरकतो, म्हणून त्याला सडण्यास फुरसत मिळत नाहीं. गिरणी बंद पडली, मग ती सणामुळें असो, वीज गेल्यामुळें असो, कीं मालाला गिऱ्हाईक नाहीं म्हणून असो, कीं लगदा तळाशीं बसतो आणि कुजूं लागतो. कागदास शाई फुटूं नये म्हणून राळ आणि तुरटीच्या जातीचे क्षार घालतात. त्या क्षारांत गंधकाचा अंश असतो. हवा न मिळालेल्या त्या चिखलांत डोळ्यांस न दिसणारे जंतु त्या गंधकापासून एक विषारी वायु तयार करतात. त्याचें शास्त्रीय नांव हायड्रोजन सल्फाइड. आपण त्यास सडका वायु म्हणूं. ज्यांच्या दारीं गोबरगॅसची टांकी आहे त्यांनीं याचा वास घेतला आहे. अंडें नासल्यावर येतो तोच तो वास.

हा वायु हवेहून जड असतो. म्हणून तो वर उडून जात नाहीं. खड्ड्यांत, गटारांत, हौदाच्या तळाशीं साचून राहतो. आतां आपल्यांतील म्हातारे म्हणतील, "यांत नवें तें काय? हें आम्हांस ठाऊक आहे." खरें आहे. सांगलीजवळ हरिपुरास हळदीचीं पेंवें आहेत, इतरत्र जोंधळ्याचीं होतीं. पेंव उघडलें कीं जाणता शेतकरी लगेच आंत उतरत नाहीं. तोंड उघडें टाकून वारा खेळूं देतो, मग दोरीला कंदील बांधून खालीं सोडतो. कंदील विझला तर माणूस उतरावयाचा नाहीं. हें शहाणपण कोण्या पंडितानें पोथींतून दिलें नाहीं. आपल्या पूर्वजांनीं माणसें गमावून तें मिळविलें. त्यांतील मूळ गोष्ट आजही सोळा आणे खरी आहे: आधीं हवा तपासा, मग माणूस उतरवा.

पण बंधूंनो, येथेंच एक धोका आहे आणि तो नीट लक्षांत घ्या. पेंवाचा कंदील कागदाच्या हौदास चालत नाहीं. पेंवांत प्राणवायु कमी होतो, म्हणून ज्योत विझते आणि आपणांस इशारा मिळतो. लगद्याच्या हौदांत प्राणवायु पुरेसा असूनही सडका वायु माणसास मारण्याइतका असूं शकतो. हवेच्या दहा लक्ष भागांत ह्या वायूचे हजार भाग झाले, म्हणजे शेंकडा फक्त एक-दशांश, तरी माणूस जागच्या जागीं कोसळतो; पण तेवढ्यानें ज्योत विझत नाहीं. कंदील सुखानें जळतो आणि माणूस मरतो. दुसरें असें कीं हा वायु पुष्कळ सांचला तर तो स्वतःच पेट घेतो. कुजणाऱ्या लगद्यांतून कधीं हायड्रोजन नांवाचा दुसराही वायु निघतो. त्याला ना रंग ना वास, आणि तो तर ठिणगीचीच वाट पाहत असतो. अमेरिकेंत विस्कॉन्सिन प्रांतांतील टोमाहॉक गांवीं २९ जुलै २००८ रोजीं एका कागद-गिरणींत लगद्याच्या पाण्याच्या उंच टांकीवर उभे राहून मजूर जोडकाम, म्हणजे वेल्डिंग, करीत होते. टांकींत जंतूंनीं तयार केलेला हायड्रोजन सांचला होता. ठिणगी पडली, टांकीचें झांकण उडालें आणि तीन मजूर ठार झाले. टांकींत काय, तर रद्दी कागद आणि पाणी! त्यापासून स्फोट होईल असें कोणाच्या स्वप्नांतही नव्हतें. म्हणून कंदील नको, कांडी नको, बिडी तर नकोच.

मग नाकाचा भरंवसा धरावा काय? तोही नाहीं. हा वायु थोडा असतां घाण येते. दहा लक्षांत शंभर भागांच्या सुमारास तो गेला कीं कांहीं मिनिटांत नाकाची शक्तीच मरते. घाण येईनाशी होते. आंतला माणूस वरच्यास सांगतो, "आतां वास गेला, आतां बरें आहे." वास गेलेला नसतो, नाक गेलेलें असतें. पांचशें-सातशें भागांस पांच मिनिटांत माणूस झोंकांड्या खाऊन पडतो. त्याच्यावर गेला तर एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. ओरडण्यासही वेळ मिळत नाहीं. तोंडास ओला रुमाल किंवा उपरणें बांधून उतरणारे आम्हांस ठाऊक आहेत. रुमालानें धूळ थोडी अडते. वायु अडत नाहीं. धुळीचा जो मास्क कंत्राटदार वांटतो, त्याचेंही तेंच.

आणखी एक फसवणूक आहे. हौद उघडून पाहिला, हवा ठीक वाटली, म्हणून माणूस उतरला. तो वायु लगद्यांत आणि पाण्यांत दडून बसलेला असतो. फावडें मारलें, पाण्याचा जोर सोडला, साय मोडली, कीं तो एकदम बाहेर येतो. म्हणून सकाळीं एकदां तपासलें आणि दिवसभर काम केलें, हें चालत नाहीं. काम चालू असेपर्यंत तपासणीही चालू पाहिजे.

हीं परदेशची भाकडकथा नव्हे. मे २०२० मध्यें, टाळेबंदीमुळें बंद पडलेली एक कागद-गिरणी छत्तीसगडांतील रायगढ जिल्ह्यांत पुन्हां चालू करावयाची होती. हौद साफ करण्यास मजूर लावले. सात जण वायूनें गुदमरून दवाखान्यांत गेले. त्यांपैकीं तिघांची प्रकृति गंभीर होती. बंद गिरणी, स्वस्थ पडलेला लगदा, आणि साफ करण्याची घाई: तीन गोष्टी एकत्र आल्या कीं समजा, हौद तोंड पसरून बसला आहे. दिवाळीनंतर, संपानंतर, लांबलेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या दिवशीं जो हौदाशीं जातो त्यानें दुप्पट सावध असावें.

हौदांत न उतरणाऱ्यासही हा वायु सोडीत नाहीं. अलाबामा प्रांतांतील पेनिंग्टन येथें १६ जानेवारी २००२ रोजीं एका गिरणींत गंधकाचें एक रसायन गटारांत गेलें, त्याच गटारांत तेजाबही सोडलेलें होतें. दोहोंच्या मिश्रणानें सडका वायु उठला आणि गटाराच्या फटींतून बाहेर आला. जवळ बांधकाम करणारे दोन मजूर मेले, आठ जण जायबंदी झाले. मेलेले कोण? गिरणीचे कायम नोकर नव्हेत, बाहेरच्या ठेकेदाराचीं माणसें. देश कोणताही असो, जेथें धोका आहे तेथें ठेकेदाराचा माणूस पुढें असतो, हें ध्यानांत ठेवा.

आतां सर्वांत दुःखाची गोष्ट सांगतों. आपल्यांत म्हण आहे, पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा. या हौदांत ती उलटी होते. पुढचा पडला कीं मागचा धांवतो. तोही पडतो. मग तिसरा. एका गांवचीं, एका घरचीं माणसें एकाच टोळींत असतात. भाऊ खालीं पडलेला दिसतांच भाऊ वर थांबेल कसा? नायॉश नांवाच्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेनें १९८६ सालीं प्रसिद्ध केलें कीं अशा कोंडलेल्या जागेंत मरणाऱ्यांपैकीं शेंकडा साठांहून अधिक लोक दुसऱ्यास वाचविण्यास गेलेले होते. म्हणजे हौद जितकीं माणसें मारतो त्याहून अधिक माणसें माया मारते. तुमच्या मायेस आम्ही दोष देत नाहीं. ती माया दोरीच्या टोंकाशीं बांधा, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

आतां काय करावयाचें तें थोडक्यांत सांगतों. पोरांनीं तें पाठ करावें आणि आयांनीं त्यांच्याकडून म्हणवून घ्यावें.

पहिली गोष्ट: होईल तितकें हौदांत उतरूंच नये. बाहेरून पाण्याच्या जोरानें किंवा लांब दांड्याच्या खोऱ्यानें साफ होत असेल तर माणूस आंत कशाला?

दुसरी: उतरणें भाग असेल तर आधीं लगदा येणाऱ्या नळाची तोटी आणि ढवळणाऱ्या पंख्याची कळ बंद करून त्यांस कुलूप लावावें. किल्ली उतरणाऱ्याच्या खिशांत. मनुष्य आंत आणि कोणी अजाणतेपणीं पंखा सुरू केला, असें होतां कामा नये.

तिसरी: पंप्यानें ताजी हवा हौदाच्या तळापर्यंत नळीवाटे सोडावी आणि ती सारखी चालू ठेवावी. नुसतें झांकण उघडून भागत नाहीं. हवेच्या जागीं प्राणवायूचें नळकांडें मात्र कदापि सोडूं नये. त्यानें ठिणगी पडतांच अंगावरचे कपडे भडकतात.

चौथी: वायु मोजण्याचें यंत्र वर, मध्यें आणि तळाशीं सोडून पाहावें. हें यंत्र मुठींत मावेल एवढें असतें. चांगल्या हवेंत प्राणवायु शेंकडा जवळजवळ एकवीस भाग असतो. साडेएकोणिसाच्या खालीं गेला तर उतरावयाचें नाहीं. सडका वायु दहा लक्षांत दहा भागांच्या वर दाखवीत असेल तर उतरावयाचें नाहीं. यंत्र पाहणाऱ्यानें कागदावर लिहून, सही करून द्यावें. तोंडचें "ठीक आहे" चालत नाहीं. ज्याला सही करावयाची असते तो नीट पाहतो.

पांचवी, आणि हीच आमच्या भाषणाची दोरी: उतरणाऱ्याच्या अंगावर पट्टा, पट्ट्यास दोर, आणि दोराचें मोकळें टोंक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातीं. या माणसास दुसरें काम सांगावयाचें नाहीं. त्यानें चहास जावयाचें नाहीं, फोन पाहावयाचा नाहीं. आंतला बोलेनासा झाला कीं त्यानें दोर ओढावयाचा आणि ओरडावयाचें. उडी घालावयाची नाहीं. ओढण्यास माणसें कमी पडतील तेथें तिपाई आणि गरारी आधींच मांडलेली असावी. पाठीवर हवेचें नळकांडें आणि तोंडास पूर्ण मुखवटा असल्याशिवाय, आणि तो वापरण्यास शिकल्याशिवाय, पडलेल्याच्या मागें कोणीही जावयाचें नाहीं. मग तो बाप असो कीं भाऊ.

हें आमच्या पदरचें नाहीं. १९४८ सालच्या कारखाने कायद्याच्या ३६ व्या कलमांत हेंच लिहिलें होतें: हौद, टांकी, खड्डा, नळ अशा कोंडलेल्या जागीं घातक वायूचा संभव असतां, एक तर जाणत्या माणसानें तपासून लेखी दाखला दिला पाहिजे, नाहीं तर उतरणाऱ्यानें श्वासयंत्र लावून, पट्टा बांधून, दोराचें टोंक बाहेरच्या माणसाच्या हातीं दिलें पाहिजे. म्हणजे जी दोरी नसल्यामुळें पोरें मेलीं ती दोरी सरकारनें पाऊणशें वर्षांपूर्वीं कायद्यांत लिहून ठेवली होती. ती कागदावर राहिली, आणि तो कागद करणारा तिच्यावांचून मेला!

हा कायदा आतां राहिला नाहीं. त्याच्या जागीं २०२० सालची कामगार-सुरक्षेची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली. नांव बदललें, हौदांतील वायूचा स्वभाव बदलला नाहीं. नव्या संहितेंतील तीन गोष्टी लक्षांत ठेवा. प्रत्येक कामगारास नेमणुकीचें पत्र मिळालें पाहिजे. आपल्या कामांतील धोक्याची माहिती मालकाकडे मागण्याचा त्यास हक्क आहे. आणि जीवावर बेतेल अशी रास्त भीति वाटल्यास ती मालकाच्या आणि त्याच वेळीं सरकारी निरीक्षकाच्या कानांवर घालण्याचा हक्क आहे. मालकानें ताबडतोब उपाय केला पाहिजे. कंत्राटदाराचा माणूस मेला तर मूळ मालक नुकसानभरपाईंतून सुटत नाहीं, हेंही ध्यानांत असूं द्या.

पण एक गोष्ट आम्हांस खटकते, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १८८१ सालीं पहिला कारखाने कायदा झाला तेव्हां शंभर माणसांचा कारखाना त्यांत येई. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या, "दीनबंधू"तून हाकाटी केली. १८९१ च्या कायद्यानें ती संख्या पन्नासावर आली, १९२२ सालीं विसावर, आणि १९४८ सालीं, यंत्रशक्ति वापरणाऱ्या कारखान्यापुरती, दहावर. सत्तर वर्षें खालीं येत आलेला आंकडा नव्या संहितेनें पुन्हां विसावर नेला आहे. वीस माणसांखालच्या गिरणींतला हौद कमी खोल असतो काय? तेव्हां कामास लागतांना टोळींत माणसें किती हें मोजा, कंत्राटदाराचीं धरून मोजा, आणि हजेरीपटावर आपलें नांव आहे कीं नाहीं हें स्वतः वाचून पाहा.

हौदाखेरीज आणखी तीन ठिकाणीं सावध राहावें. पहिलें ठिकाण रुळांचें. ओला कागद वाफेनें तापलेल्या रुळांमधून धांवतो. दोन रूळ जेथें एकमेकांस लागतात तेथें उसाच्या चरकासारखें तोंड असतें. चरकांत हात गेलेला माणूस आपल्यांतील पुष्कळांनीं पाहिला असेल. येथें वेग त्याच्या कितीतरी पट. कागद तुटला कीं तो चालत्या यंत्रांत हातानें ओंवण्याची मुकादमास घाई असते. यंत्र थांबविल्याशिवाय हात घालूं नका. सैल बाही, उपरणें, पदर, मोकळे केंस, हातांतलें कडें, यांपैकीं कांहींही रुळाजवळ नको.

दुसरें ठिकाण जेथें कागद पांढरा करतात तेथील. पुष्कळ गिरण्यांत अजून त्यासाठीं क्लोरीन किंवा त्याच्या जातीचीं द्रव्यें वापरतात. हा तोच पिंवळट-हिरवा वायु, जो २२ एप्रिल १९१५ रोजीं जर्मनांनीं बेल्जममध्यें यीप्र येथें शत्रूवर सोडला होता. तोही जड आहे, जमिनीलगत चालतो. नळकांडें फुटल्याची ओरड झाली तर वायु ज्या बाजूस वाहतो तिकडे पळूं नका. वाऱ्याला आडवे होऊन त्याच्या वाटेंतून निघा आणि मग उंच जागा गांठा. खालीं वांकून लपूं नका.

तिसरें ठिकाण तर आपल्याच शेतांतलें. आपला ऊस, त्याचें चिपाड, ज्याला कारखान्यांत बगॅस म्हणतात, त्याचाही कागद होतो. ताज्या चिपाडाची भीति नाहीं. तें ओलसर गंजींत महिनोन्‌महिने पडून आंतून तापलें कीं त्यावर बुरशीच्या जातीचे जंतु वाढतात. गंजी फोडतांना ती धूळ छातींत जाते. कांहीं तासांनीं ताप, खोकला, दम लागणें. चार दिवस घरीं राहिला कीं बरें वाटतें, पुन्हां कामावर गेला कीं पुन्हां तेंच. लोक म्हणतात हिंवताप, डॉक्टर म्हणतात क्षय, आणि औषध चुकतें. या रोगाची नोंद १९४१ सालीं अमेरिकेंतील लुइझियाना येथें झाली. त्यास बगॅसोसिस म्हणतात. आपल्या देशांतील भरपाईच्या कायद्यानेंही तो धंद्यापासून होणारा रोग म्हणून मानला आहे. म्हणून दम लागलेला माणूस दवाखान्यांत गेला तर त्यानें आधीं सांगावें: "मी चिपाडाच्या गंजीवर काम करतों." एवढ्या एका वाक्यानें त्याची छाती वांचेल.

आतां दैवाचा विचार करूं. खंडेनवमीस गिरणींत यंत्रास झेंडूचे हार घालतात, नारळ फोडतात. कोणी मेला तर शांति करवितात आणि भटजी दक्षिणा घेऊन जातो. मेल्याच्या घरीं सांगतात, "त्याच्या आयुष्याची दोरीच तेवढी होती." आम्ही विचारतों, कोणती दोरी? जी कोणास दिसत नाहीं ती? कीं जी गिरणीच्या कोठींत शंभर हात पडून होती आणि पट्ट्यास बांधली नाहीं ती? नारळानें रुळापुढचा तुटलेला कठडा सांधत नाहीं. शांतीनें हौदांतला वायु निघत नाहीं, पंप्यानें निघतो. जी गोष्ट मोजतां येते तिला दैव म्हणणें म्हणजे दोषी माणसास पाठीशीं घालणें होय.

आणि हौदांत कोण उतरतो हेंही पाहा. साहेब उतरत नाहीं, मुकादम उतरत नाहीं. नवा पोरगा उतरतो, परमुलखांतला उतरतो, आणि ज्याच्या माथीं पिढ्यान्‌पिढ्या घाण उपसण्याचें काम जातीनें मारलें त्याला तर हांक मारूनच उतरवितात. "तुम्हां लोकांस संवय आहे," असें वर म्हणतात. सडक्या वायूची संवय कोणासही होत नाहीं. तो जात विचारीत नाहीं. जात विचारून उतरविणारा वर उभा असतो. कुणबी, माळी, मांग, महार, कोष्टी, मुसलमान कागदी, ज्या कोणाचा पोरगा त्या टोळींत असेल तो आपला पोरगा, असें मानल्याशिवाय या कामास तोंड फुटणार नाहीं.

कोणी म्हणेल, "उतरत नाहीं म्हटलें तर उद्यां काम जाईल." खोटें नाहीं. एकटा म्हणेल तर जाईल. म्हणून हें एकट्यानें म्हणूंच नये. टोळी निघण्यापूर्वीं, उचल घेण्यापूर्वीं, चावडीवर सगळ्यांनीं एक बोली करावी: दाखल्याशिवाय, पंप्याशिवाय, दोराशिवाय आमच्यांतला कोणी उतरणार नाहीं, आणि एकास काढलें तर सगळे निघूं. मुकादमास वीस माणसें हवीं असतात; वीस माणसें एक शब्द बोललीं तर त्याला ऐकावें लागतें. लोखंडे यांनीं रविवारची सुटी मागितली तेव्हांही लोक म्हणत होते कीं मालक ऐकणार नाहींत. १० जून १८९० रोजीं ती मिळाली. जी सुटी आज सर्व जातींचे लोक घेतात ती गिरणींतल्या मजुरांनीं एक होऊन मिळविलेली आहे.

भगिनींनो, शेवटचें तुम्हांस सांगतों. पोर कामास निघेल तेव्हां त्याच्या शिदोरींत भाकरीबरोबर हीं पांच वाक्यें बांधा. फोनवर बोलतांना "जेवलास का?" असें विचारतां, त्याच्यापुढें आणखी एक प्रश्न विचारा: "आज हौदांत उतरलास का? दोर कोणाच्या हातांत होता?" त्याला उत्तर देतां आलें नाहीं तर समजा, त्याच्या दोरीस अजून धरणारा कोणी नाहीं. मग टोळींतल्या दुसऱ्या पोराच्या आईकडे जा आणि दोघी मिळून मुकादमाच्या दारीं जाऊन बसा. दोर ओढण्यास तेथें तुमचे हात पोंचणार नाहींत. पण तो दोर बांधला जाईल कीं नाहीं, हें येथूनच ठरणार आहे.